चेतावनीची कैफियत

भर मे महिन्यातील दुपारी, कूलरची घरघर चालू असताना, भाच्याने आपला मोबाईल स्टीलच्या पेल्यात उभा केला (त्याने आवाज दुप्पट होतो, असे त्याचे शास्त्र) आणि ‘चेतावनी’ लावली, तेव्हा मला उमगले ते एवढेच, की कोणीतरी त्वेषाने फिर्याद मांडीत आहे. शब्द पकडण्याची माझी धडपड पाहून तो आमच्या नागपुरी बोलीत म्हणाला, “मामाजी, अर्थ मंग शोधा, पयले ताल आयका.”

‘स्वदेसी’ हा रॅप करणाऱ्या मुंबईतील तरुणांचा संच. दिल्लीच्या ‘आझादी रेकॉर्ड्स’ने २०२० मध्ये त्यांचा ‘चेतावनी’ हा अल्बम प्रसिद्ध केला. मराठी, हिंदी, गुजराती अशा भाषा एकमेकींचा मुलाहिजा न ठेवता त्यांच्या गाण्यांत वावरतात. याच संचातील सौरभ अभ्यंकर अमरावतीचा, म्हणजे आमच्या शेजारचा. नावातील ‘सौ’च्या जागी तो शंभराचा आकडा लिहितो, आणि त्याच्या उच्चारातील वऱ्हाडी ठसका ऐकताच नागपूरकराचे कान टवकारतात.

मला जी परीक्षणे वाचावयास मिळाली, त्यांत आशयाची, म्हणजे सत्ता, जात, जमीन यांविषयीच्या रोखठोक बोलण्याची वाखाणणी होती. आणि ती रास्तच होती, कारण २०१९ मध्ये मुंबईच्या आरे वनातील आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन याच मंडळींनी ‘द वारली रिव्होल्ट’ हे गीत काढले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतील दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली. परंतु दस्तऐवजातील मजकूर वाचून दस्तुराकडे दुर्लक्ष करावे, तसे येथे तालाच्या बाबतीत झाले, असे माझे मत आहे. १९७३ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात कूल हर्क या डीजेने, एकाच तबकडीच्या दोन प्रती दोन यंत्रांवर फिरवून, गाण्यातील निव्वळ तालाचा तुकडा लांबवीत नेला, तेव्हापासून रॅपच्या कलेत ताल हा शब्दांचा चाकर राहिलेला नाही. ‘स्वदेसी’च्या मवाली आणि तोडफोड या दोघा रॅपरांनी तर मृदंगवादक विवेक राजगोपालन यांच्या ‘ता धोम’ उपक्रमात कर्नाटक संगीताच्या बोलांचा रियाझ केला. चार मात्रांच्या चौकटीत शब्द कधी मात्रेच्या किंचित आधी टाकावयाचा, कधी मुद्दाम उशिरा, आणि समेवर मात्र अचूक यावयाचे, ही त्यांची खरी कारागिरी. आमच्याकडील खडी गंमत आणि कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब ऐकलेल्या मंडळींना यात ओळखीचे काही सापडेल. म्हणून रॅप म्हणजे आपली शाहिरीच, असा सोपा फैसला मात्र मी देणार नाही, कारण तिकडच्या वेदनेची वंशावळ वेगळी आहे.

१९७२ च्या ‘गोलपिठा’ या कवितासंग्रहाला प्रस्तावना लिहिताना विजय तेंडुलकरांनी आपल्याला न कळलेल्या शब्दांची मोकळी कबुली दिली होती. तेवढा प्रांजळपणा तालाच्या बाबतीत एखाद्या परीक्षणात दिसता, तर बरे वाटले असते.

तोडफोड, म्हणजे गुजरातीत रॅप करणारा धर्मेश परमार, मार्च २०२२ मध्ये वयाच्या चोविसाव्या वर्षी गेला. त्याचा तुकडा आला, तेव्हा भाच्याने काही न बोलता पेला माझ्याकडे सरकवला. मी त्याला कूलर बंद करावयास सांगितले.