पेरू-कोबीची करकरीत कोशिंबीर

आपल्या वस्त्यांतील अनेक माता-भगिनींच्या अंगात रक्त कमी असते. डाळ, बाजरीची भाकरी, पालेभाजी यांत लोह असते; पण ते अंगी लागायला ‘क’ जीवनसत्त्वाची जोड हवी. शिजवताना हे जीवनसत्त्व बरेच नष्ट होते. म्हणून जेवणात काहीतरी कच्चे असावे, असे आम्ही सुचवतो. संत्र्यापेक्षा पेरूत ते कितीतरी जास्त असते, आणि हंगामात पेरू स्वस्तही मिळतो.

चार माणसांसाठी पाव कोबी, एक गाजर आणि एक टणक पेरू घ्यावा. कोबीची वरची पाने काढून टाकावीत. सर्व आधी धुऊन मगच चिरावे. नळाला गढूळ पाणी येत असेल तर उकळून गार केलेल्या पाण्यानेच धुवावे. कोबी बारीक चिरावा, गाजर किसावे, पेरूच्या फोडी कराव्यात. लिंबू, दाण्याचे कूट, कोथिंबीर घालावी. मीठ मात्र वाढताना घालावे; आधी घातल्यास पाणी सुटून कोशिंबीर मऊ पडते.

जेवणावर लगेच चहा घेऊ नये. त्याने लोह कमी शोषले जाते. आणि घरातल्या बाईने उरलेसुरले न खाता सर्वांबरोबर बसून खावे. समता आपण विहारात शिकतो, ती ताटातही दिसावी.