सुरतेची 'लूट' म्हणजे नेमकं काय झालं?

इंग्रजी पुस्तकांत याला 'सॅक ऑफ सुरत' म्हणतात. 'सॅक' म्हटलं की शहर हाती घेऊन धुऊन काढणं, जाळपोळ, कत्तल, सगळं डोळ्यांसमोर येतं. जानेवारी १६६४ मध्ये सुरतेत आगी लागल्या, घरं फोडली गेली, कैद्यांचे हात कापले गेले. हे झाकण्यात अर्थ नाही. पण ती आंधळी लूट नव्हती.

शिवाजी महाराजांनी हल्ल्याआधी निरोप धाडला होता: शहराचा मुघल अधिकारी इनायतखान आणि बडे व्यापारी हाजी सय्यद बेग, बहरजी बोहरा यांनी येऊन खंडणी ठरवावी. उत्तर आलं नाही. इनायतखान तर किल्ल्यात जाऊन बसला! हा गृहस्थ शहराच्या रक्षणासाठी पाचशे माणसांचा पगार उचलायचा, आणि तेवढी माणसं ठेवलेलीच नव्हती. वर तहाच्या बहाण्याने पाठवलेल्या त्याच्या माणसाने महाराजांवर खंजीर उगारला. रक्षकाने त्याचा हातच छाटला.

बहरजी बोहराचा वाडा धुऊन निघाला. मात्र ख्रिस्ती धर्मगुरू फादर अँब्रोजच्या मठाला धक्का लागला नाही आणि डच कंपनीच्या एका दानशूर, मयत दलालाचं घरही वगळलं. हे फ्रेंच प्रवासी बर्निये लिहितो, कुणी मराठी बखरकार नव्हे. इंग्रजांच्या वखारीचा प्रमुख जॉर्ज ऑक्झेंडनने वखार लढवली; औरंगजेबाने नंतर इंग्रजांना जकातीत सवलत दिली.

ऑक्टोबर १६७० मध्ये मराठे पुन्हा आले.

इनायतखान ज्यात जाऊन बसला, तो तापीकाठचा किल्ला आज पाहता येतो. सुरतेला गेलात तर साड्यांच्या खरेदीतून तासभर काढाच.