दहा मिनिटांचा हट्ट

नाण्यांच्या व्यवहारात धाराशिव जिल्ह्याची प्रजा अनभिज्ञ होती असे कोणी समजू नये. निजामाच्या अंमलात या मुलखात उस्मानिया सिक्का, लोकांच्या बोलण्यातला ‘हाली’, चाले आणि सरहद्द ओलांडून सोलापूरच्या बाजारात उतरले की इंग्रजांचा ‘कलदार’. सात हालीला सहा कलदार हा भाव ज्याच्या जिभेवर नसे त्याला या दोन मुलखांच्या सीमेवर व्यापार करणे जडच जात असावे. १९१८ पासून संस्थानाच्या स्वतःच्या कागदी नोटाही निघू लागल्या आणि पोलीस कारवाईनंतरच्या दशकात ते सारे चलन हळूहळू मोडीत निघाले. नाणे कोण पाडतो, कोणाच्या हुकमाने ते खरे ठरते आणि कोणाच्या हुकमाने ते नुसता धातूचा तुकडा होते, हे ज्या लोकांनी आपल्या आयुष्यात पाहिले त्यांच्याच नातवंडांपैकी एकाने, टांकसाळ नसलेले आणि राजाही नसलेले नाणे पाडण्याचे यंत्र विकत आणले, या वार्तेने संपादकांचे कुतूहल चाळवले आणि त्यांनी मला त्या यंत्राचा परिचय लिहावयास सांगितले.

यंत्र सापडले ते एका मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात. पाणबुडी मोटारींची तांब्याची भेंडोळी, वार्निशचा दर्प, जळालेल्या स्टार्टरांचा ढीग आणि या पसाऱ्यात जाड पुस्तकांची चवड असावी तेवढ्या आकाराची अॅल्युमिनियमची एक लांबट पेटी, तिच्या दोन्ही टोकांना एकेक पंखा. बिटमेन या चिनी कंपनीने २०१६ साली बाजारात आणलेले ‘अँटमायनर एस-९’ ते हेच. मालक एक अभियांत्रिकी पदवीधर तरुण. त्याने ते जुन्या बाजारातून घेतले होते, आणि व्होल्टेज पडले की बंद पडते अशी तक्रार घेऊन तो मिस्त्रींकडे आला होता. मिस्त्रींनी आयुष्यभर पंपांच्या मोटारी भरल्या. त्यांनी पेटी चालू केली तेव्हा दोन्ही पंख्यांनी असा आक्रोश मांडला की समोरच्या चहावाल्याने मान वळवून पाहिले. मिस्त्रींनी तारेला टाँग टेस्टर लावला, सहा अँपिअरचा आकडा वाचला, मागच्या पंख्यातून येणाऱ्या झोतापुढे तळहात धरला आणि म्हणाले, “सायेब, ह्येला हिटरच म्हणा की.”

“यात हिशेब होतो, मिस्त्री.”

“कशाचा हिशेब? मोटारीला लाइट दिली तर पाणी तरी वर येतंय. ह्यातनं काय येतंय?”

प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर देणे मला त्या वेळी साधले नाही. ते येथे देण्याचा यत्न करतो.

अधिकृत इतिहास थोडक्यात आटोपता येईल. सातोशी नाकामोतो हे नाव धारण करणाऱ्या आणि आजतागायत अज्ञात राहिलेल्या व्यक्तीने ३१ ऑक्टोबर २००८ रोजी बिटकॉइनचा आराखडा प्रसिद्ध केला. ३ जानेवारी २००९ रोजी त्याच्या रोजकीर्दीचे पहिले पान लिहिले गेले. ही रोजकीर्द कोणा एका फडणिसाच्या दप्तरात नसते. तिची नक्कल जगभरच्या हजारो संगणकांवर असते, आणि नवे पान जोडण्याचा मान सुमारे दर दहा मिनिटांनी एकाला मिळतो. ज्याला तो मिळतो त्याला नवी नाणी मिळतात: प्रथम ५०, मग दर २,१०,००० पानांनंतर निम्मी, आणि एप्रिल २०२४ पासून ३.१२५. प्रारंभी हे काम घरगुती संगणकाने होई. २०१० पासून चित्रफलकाची कार्डे त्यात उतरली, आणि २०१३ च्या आरंभी केवळ याच एका कामासाठी घडवलेल्या चिपांची यंत्रे आली. एस-९ मध्ये अशा १८९ चिपा आहेत. त्यांना बेरीज शिकवता येत नाही, पत्र लिहिता येत नाही, चित्र दाखवता येत नाही. एसएचए-२५६ नावाची एकच गणिती क्रिया त्या जाणतात आणि ती सेकंदाला साडेतेरा लाख कोटी वेळा करतात.

आता त्या क्रियेचे स्वरूप. नव्या पानाच्या शिरोभागी ८० बाइटांचा मजकूर असतो: मागील पानाची खूण, या पानातील सर्व व्यवहारांचे सार, वेळ, आणि शेवटी ज्याला काहीही अर्थ नाही असा एक अंक. हा मजकूर त्या गणिती क्रियेतून दोनदा पार केला की एक प्रचंड संख्या बाहेर पडते. मजकुरात एक अक्षर बदलले तर ती संख्या पूर्णतया निराळी होते, आणि कशी निराळी होईल हे आधी सांगण्याचा कोणताही मार्ग ज्ञात नाही. नियम एवढाच की बाहेर पडणारी संख्या ठराविक मर्यादेहून लहान हवी. म्हणून यंत्र तो निरर्थक अंक बदलते, क्रिया करते, उत्तर पाहते, टाकून देते आणि पुन्हा बदलते. त्या अंकाला सुमारे ४२९ कोटी रूपे घेता येतात आणि आपले एस-९ ती सगळी एका सेकंदाच्या तीन हजाराव्या भागात संपवून नवा मजकूर मागते. टाकून दिलेल्या उत्तरांचा कोणालाही कशासाठीही उपयोग नाही. मिस्त्रींच्या तळहाताला लागलेली ऊब ही त्या टाकून दिलेल्या उत्तरांची होती.

परंतु ज्याने मला खरोखर मोहविले ते यंत्र नव्हे; यंत्राच्या डोक्यावर बसलेला तो मर्यादेचा नियम होय. त्याला काठिण्य म्हणतात. दर २,०१६ पाने पुरी झाली की जगातील प्रत्येक नक्कल आपल्यापुरता हिशेब करते: दहा मिनिटांस एक या दराने इतकी पाने लिहिण्यास चौदा दिवस लागावयास हवे होते, प्रत्यक्षात किती लागले? कमी लागले असतील तर मर्यादा त्याच प्रमाणात खाली ओढायची, अधिक लागले असतील तर वर सरकवायची. मात्र एका वेळी चौपटीहून अधिक बदल करायचा नाही. या निर्णयासाठी सभा भरत नाही, परिपत्रक निघत नाही, कोणाचा सहीशिक्का लागत नाही. गंमत अशी की या हिशेबात आरंभापासून एक चूक आहे: २,०१६ पानांमधील अंतरे मोजताना ती २,०१५ च मोजली जातात. चूक सर्वांस ठाऊक आहे, ती दुरुस्त करणे एखाद्या विद्यार्थ्यालाही जमेल. तथापि सर्वांनी एकाच क्षणी मान्य केल्यावाचून असा हिशेब बदलता येत नाही, म्हणून ती चूकच आता कायदा होऊन बसली आहे. अशा शासनाचे कौतुक करावे की धास्ती घ्यावी, हे मला ठरविता आलेले नाही.

पहिले जवळजवळ वर्षभर काठिण्य १ या अंकावर स्थिर होते. ३० डिसेंबर २००९ रोजी ते प्रथम हलले आणि १.१८ झाले. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याने १०० लाख कोटींचा टप्पा ओलांडला. नियमाची खरी परीक्षा २०२१ च्या उन्हाळ्यात झाली. चीन सरकारने या उद्योगावर बंदी घातली आणि जगातील निम्म्याहून अधिक यंत्रे काही आठवड्यांत मुकी झाली. पाने रेंगाळू लागली. परंतु ३ जुलै रोजी ठरलेला हिशेब झाला, काठिण्य एका झटक्यात सुमारे २८ टक्के उतरले आणि चाल पूर्ववत् होऊ लागली. एखाद्या बँकेचा निम्मा कारकूनवर्ग एका महिन्यात पळून जावा आणि खतावणी तरीही चालू राहावी, असा प्रसंग जमाखर्चाच्या इतिहासात दुर्मीळच म्हटला पाहिजे.

हे सारे मी यथामति सांगून पाहिल्यावर मिस्त्री क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, “म्हंजे बोअरवाणी. शेजाऱ्यानं पाचशे फूट घेतलं की आपण सातशे घ्यायचं, अन् पाणी तेवढंच.” या दुष्काळी जिल्ह्यातील माणसाला हे तत्त्व दुसऱ्या कोणी समजावून देण्याची आवश्यकताच नव्हती. भेद असलाच तर इतका, की आपल्या भूगर्भातील पाणी उपशामुळे खाली जाते, आणि येथे मात्र जितके हात खणू लागतील तितके ते जाणूनबुजून, मोजूनमापून, दर पंधरवड्यास खाली ढकलले जाते.

यातूनच त्या तरुणाच्या विवंचनेचा उगम आहे. काठिण्य १०० लाख कोटींवर असताना त्याच्या पेटीने एकट्याने एक पान जिंकावयाचे म्हटले तर सरासरी एक हजार वर्षे लागतील. आणि ९९९ वर्षे यंत्र चालविले म्हणून ते पान एका दिवसानेही जवळ येत नाही, कारण प्रत्येक प्रयत्न मागच्या प्रयत्नांस विसरलेला असतो. म्हणून असे लोक हजारो यंत्रांचा फड करून मिळकत वाटून घेतात. त्या वाटणीत एस-९ च्या वाट्यास दिवसाला एका बिटकॉइनचा सुमारे लाखावा-सव्वालाखावा भाग येतो. बिटकॉइन ८० लाख रुपयांचा धरला तरी ही रक्कम सत्तर रुपयांच्या आत राहते. यंत्र दिवसाला ३२ युनिट वीज खाते. युनिटला दहा रुपये धरा. सत्तर रुपये मिळविण्यासाठी सव्वातीनशे रुपये जाळण्याचा हा उद्योग होय. यंत्रात बिघाड काहीच नाही. ज्या वर्षी ते जन्मास आले त्या वर्षी ते उत्तम होते. त्यानंतर जगाने त्याच्याहून चांगली यंत्रे केली आणि काठिण्याने त्याला जागच्या जागी निरुपयोगी ठरविले. तरुणाने विचारले, सोलर लावले तर? मी त्याला एवढेच म्हटले की बाळा, सोलरची वीज विकता येत असेल तर विक.

नव्या यंत्रांची कथा अधिक विचारणीय आहे. एस-९ ला एक लाख कोटी प्रयत्नांस सुमारे १०० ज्यूल लागत. २०२० च्या एस-१९ प्रो ला २९.५, त्यानंतरच्या एस-२१ ला १७.५. तेवढ्याच कामासाठी पाचव्या हिश्शाहून कमी वीज! पंप किंवा गिरणी यांच्यात अशी सुधारणा झाली असती तर वीज मंडळाने पेढे वाटले असते. परंतु येथे काम तेवढेच राहत नाही. काटकसरी यंत्र आले की लोक तेवढ्याच विजेत अधिक यंत्रे लावतात, काठिण्य चढते, पान दहाच मिनिटांनी लिहिले जाते आणि एकूण जळीत कमी होत नाही. केंब्रिज विद्यापीठाच्या २०२५ च्या अहवालात हा वापर वर्षाला १३,८०० कोटी युनिटांच्या घरात अंदाजिला आहे; महाराष्ट्रासारख्या उद्योगप्रधान राज्यास वर्षभर जितकी वीज लागते तिच्या निम्म्याहून तो अधिक भरतो. एस-२१ चा भार साडेतीन किलोवॉट, म्हणजे जवळजवळ पाच अश्वशक्तीच्या कृषिपंपाइतका. फरक इतकाच की पंपाला थ्री फेज आठ तास मिळाली तरी शेतकरी धन्यता मानतो, तीही पाळीपाळीने आणि पुष्कळदा अपरात्री. यंत्राला ती चोवीस तास, वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस हवी. डीपी जळाला म्हणून आठ-आठ दिवस पिके वाळताना पाहणाऱ्या गावात हे यंत्र कोणत्या तोंडाने चालवावे?

सरकारने या प्रश्नाचे उत्तर विजेच्या मार्गाने दिले नाही. ते कराच्या मार्गाने दिले. १ एप्रिल २०२२ पासून अशा आभासी मालमत्तेच्या उत्पन्नावर सरसकट ३० टक्के कर आहे, आणि संपादनाच्या किमतीखेरीज कोणतीही वजावट नाही. शिवाय खाणकामाच्या सामग्रीवरील खर्च ही संपादनाची किंमत समजली जाणार नाही असा खुलासा संसदेत झाला. हजाराची मिळकत आणि साडेआठशेचे वीजबिल असेल तर कर दीडशेवर नाही, हजारावर. एस-२१ चा दिवसाचा हिशेब, वरीलच भाव धरून, जवळपास एवढाच येतो. कर भरला की तोही बुडीत खात्यात जमा. त्यामुळे ही यंत्रे टेक्सासमध्ये, जलविद्युत् मुबलक असलेल्या भूतानमध्ये, आइसलंडमध्ये गेली, आणि आपल्या वाट्यास मुख्यतः त्यांच्या नावाने केलेले व्यापार आले. ‘गेनबिटकॉइन’ प्रकरणात महाराष्ट्रातील असंख्य कुटुंबांना दरमहा १० टक्के याप्रमाणे अठरा महिने परताव्याचे आमिष दाखविले गेले. हा परतावा दूरदेशीच्या यंत्रांतून येणार होता. पुढे देणी बिटकॉइनऐवजी त्याच मंडळींनी काढलेल्या एका हलक्या नाण्यात फेडू लागल्याची फिर्याद आहे, आणि २०१८ साली पुणे पोलिसांनी मुख्य आरोपीस अटक केली. ज्याने काठिण्याचा आलेख एकदा जरी पाहिला असता त्याला अठरा महिने स्थिर राहणारी मिळकत या धंद्यात संभवतच नाही हे कळून चुकले असते.

तरुणाच्या सोलरच्या कल्पनेचा मात्र मी परतल्यावर कागदावर हिशेब मांडला, कारण ती या जिल्ह्यात अनेकांच्या मनात येणार. ऊन आपल्याकडे विपुल आहे आणि बालाघाटच्या पठारावर पवनचक्क्याही उभ्या राहत आहेत. कौडगावचा महानिर्मितीचा सौर प्रकल्प ५० मेगावॉटचा. माध्यान्हीच्या कडक उन्हात त्याची सगळी वीज या कामी लावली तर सुमारे १४,००० नवी एस-२१ यंत्रे चालतील. १०० लाख कोटींच्या काठिण्यास जगभर जेवढी शक्ती लागते तिच्या हजारात चार भाग ही यंत्रे होत. तेवढी भर पडल्याने एक पान दहा मिनिटांऐवजी नऊ मिनिटे ५७.६ सेकंदांत लिहिले जाईल. आणि पुढील २,०१६ पानांचा हिशेब झाला की काठिण्य तेवढेच चढून ते अडीच सेकंदही परत घेतले जातील.