गच्चीवरच्या हॉटेलात कुटुंबाला न्यायचंय? लिफ्टमध्ये शिरण्याआधी एवढं विचारा

बारावीचा निकाल लागला की आमच्याकडे मोहल्ल्यात पेढे वाटायचे आणि संध्याकाळी घरीच बिर्याणी, हा रिवाज. यंदा भाचीने हट्ट धरला. म्हणाली, "खाला, बिर्याणी तर दर जुम्याला असते. या वेळी रूफटॉपवर चला." तिच्या मैत्रिणींनी फोटो टाकले होते. वर आकाश, खाली गाड्यांचे दिवे, टेबलावर मेणबत्ती. आम्ही हो म्हटलं, मोबाइलवर शोधलं, दोन हजार रुपये आगाऊ भरून टेबल राखलं आणि अम्मींसह सात जण मुंब्र्याहून अंधेरीला गेलो.

लिफ्टचं दार उघडलं तर समोरच बाटल्यांनी भरलेलं काउंटर. "फॅमिली सेक्शन" त्याच काउंटरच्या मागे, कोपऱ्यात. अम्मींनी ओढणी सारखी केली आणि गप्प बसल्या. शेजारच्या टेबलावर बिअरचा जग आला तेव्हा त्या उठल्या. आम्हीही उठलो. आगाऊ रक्कम परत मिळाली नाही, भाचीचा चेहरा उतरला तो वेगळाच. पण खरी धास्ती पुढे बसली. लिफ्टला गर्दी म्हणून जिन्याकडे वळलो, तर जिन्यात खुर्च्यांची चळत आणि क्रेट रचलेले. अम्मींचा गुडघा दुखरा. एकेक पायरी उतरवत त्यांना खाली आणलं.

चूक आमचीही होती. आम्ही फोटो पाहिले, बाकी काहीच विचारलं नाही. शाळेत मुलांना सांगतो, प्रश्न नीट वाचून मग उत्तर लिहा. स्वतः मात्र तसं केलं नाही.

पहिली गोष्ट म्हणजे, मुंबईत "रूफटॉप" म्हणून जे गाजतं त्यातलं बरंचसं मुळात बार असतं. वरळीच्या फोर सीझन्स हॉटेलच्या ३४व्या मजल्यावरचं एअर किंवा मरीन ड्राइव्हच्या इंटरकॉन्टिनेंटलच्या छतावरचं डोम, या जागा दृश्यासाठी प्रसिद्ध आहेत, पण तिथे लोक जातात ते पेयांसाठी. आपल्याला हवं असतं जेवणाचं हॉटेल, ज्याला गच्ची आहे. शोधताना दोन्ही एकाच शब्दाखाली येतात, म्हणून गल्लत होते. नावात लाउंज, ब्रूअरी, किचन अँड बार असलं तर शंकेला जागाच नाही. नुसतं कॅफे असलं तर फोन करून सरळ विचारावं: "तुमच्याकडे परमिट रूम आहे का?"

हा शब्द मुद्दाम वापरावा. १९४९च्या दारूबंदी कायद्यानुसार आपल्या राज्यात आजही दारू पिण्यासाठी परवाना लागतो, म्हणून अशा जागेला परमिट रूम म्हणतात. "फॅमिलीसाठी चांगलं आहे का?" असं विचारलं तर उत्तर नेहमी हो असंच येतं. "परमिट रूम आहे का, आणि गच्चीवरही दारू देता का?" असं विचारलं की खरं उत्तर मिळतं. काही ठिकाणी खालच्या मजल्यावर साधं जेवण आणि वर गच्चीवर बार असतो, काही ठिकाणी उलट.

नकाशाच्या अॅपवर हॉटेलवाल्याने टाकलेले फोटो सोडून द्या, गिऱ्हाइकांनी टाकलेले बघा. त्यात मेनूकार्डाची पानं असतात, टेबलावर काय काय आहे ते दिसतं, शेजारी लहान मुलं बसलीत की नाही तेही कळतं. ताज्या फोटोंवर भर द्या; चालवणारे बदलले की जागेचा रंगही बदलतो.

मग हलालचा प्रश्न. फलकावर हलाल लिहिलेलं असलं म्हणजे काम संपलं असं नाही. गोश्त कुठून येतं हे विचारायला लाजू नये. ज्याचं खरंच हलाल असतं तो दुकानाचं नाव पटकन सांगतो. जो "सर, सगळीकडे हलालच मिळतं" म्हणतो, तिथे आम्ही तरी व्हेज किंवा मासळी मागवतो. मेनूत बेकन, हॅम असेल तर ग्रिल आणि तवा एकच आहे का हेही विचारावं. गोडात तिरामिसू आणि रम केक यांत बहुधा दारू असते, काही पाश्चात्त्य सॉसमध्ये वाइन घालतात. मॉकटेल दारूशिवायचं असलं तरी ते बारच्याच शेकरमध्ये ढवळलेलं असू शकतं. त्यापेक्षा ताजं लिंबूपाणी बरं, आणि स्वस्तही.

दारू वाढली जाते अशा हॉटेलात वेगळ्या टेबलावर बसून जेवावं का, हे प्रत्येक घराने आपल्या आलिमांना विचारून ठरवावं. दारू फिरते त्या दस्तरख्वानावर न बसण्याची ताकीद हदीसमध्ये आहे, हे बहुतेकांना ठाऊक असतं. आमच्या घरापुरतं आम्ही ठरवलंय: गच्चीवर दारू असेल तर जायचं नाही. भाचीला ते पटलं की नाही, विचारलेलं नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला ती. २९ डिसेंबर २०१७च्या मध्यरात्रीनंतर लोअर परळच्या कमला मिल आवारात गच्चीवरच्या हॉटेलांना आग लागली. चौदा जण गेले. एक तरुणी तर स्वतःचा वाढदिवस साजरा करायला आली होती. बरेच जण जिवाच्या भीतीने स्वच्छतागृहात शिरले आणि तिथे धुराने गुदमरले. हुक्क्याच्या निखाऱ्यावरून आग लागल्याचं अग्निशमन दलाच्या अहवालात आलं. वर बांबू-कापडाचं छत, त्यामुळे ती बघता बघता पसरली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये महापालिकेने गच्चीवरच्या हॉटेलांचं धोरण मंजूर केलं होतं: इमारत व्यावसायिक हवी, राहती नको, आणि गच्चीवर स्वयंपाक करायचा नाही, फक्त वाढायचं. पुढे २०१८ मध्ये राज्याने हुक्का पार्लरवर बंदीही आणली.

म्हणून गच्चीवर गेल्यावर खुर्चीत बसण्याआधी एक फेरी मारायची सवय आम्ही लावून घेतली आहे. जिना कुठे आहे? त्याचं दार आतून ढकललं की उघडतं, की कुलूप आहे? जिन्यात सामान आहे का? वर ताडपत्री, प्लॅस्टिक, कोरडा बांबू, कापडी झालर असं काय काय टांगलंय? शेगडी वरच पेटलेली आहे का? लहानग्यांना एकदा जिना दाखवून आणायचा. आग लागली तर लिफ्ट नाही आणि बाथरूमही नाही, एवढं त्यांना सांगून ठेवायचं. आगीची वर्दी १०१ वर. मॅनेजरला "फॉर्म बी आहे का?" असं विचारता येतं. राज्याच्या २००६च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार इमारतीतली यंत्रणा चालू असल्याचं हे प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावं लागतं. तो गोंधळला तर त्यातच उत्तर मिळालं.

कठडाही बघा. काचेचा असेल तर मुलं टेकतात, आणि त्याच्याजवळ खुर्ची ठेवलेली असेल तर चढतातही.

वेळेचं म्हणाल तर मगरिबच्या आधी पोहोचावं, उजेडात जागा नीट दिसते. मुंबईत डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जूनअखेर सव्वासातनंतर. नमाजला कोपरा मिळेल का हे फोनवरच विचारून घ्यावं. काही हॉटेलवाले आनंदाने रिकामी खोली उघडून देतात. पावसाळ्यात बऱ्याच गच्च्या बंद असतात, तेव्हा उगाच हेलपाटा घालू नये. उघड्यावरचे स्पीकर रात्री दहानंतर वाजवायचे नाहीत असा नियम आहे, म्हणून मोठ्या आवाजाचा त्रास होणाऱ्यांनी उशिरा जावं, असं कुणी सुचवेल. पण उशिरा गर्दी दुसऱ्या प्रकारची असते.

बिल वाचा. साध्या हॉटेलच्या जेवणावर जीएसटी ५ टक्के, मोठ्या महागड्या निवासी हॉटेलांत १८ टक्के. सर्व्हिस चार्ज सक्तीचा नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये तसं स्पष्ट केलं आहे. बिलावर चौदा आकडी एफएसएसएआय क्रमांक छापलेला असायला हवा. तक्रार असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. आणि टेबल राखण्यासाठी पैसे मागितले तर आधी विचारा: आलो आणि जागा पसंत पडली नाही तर परत मिळतील का? उत्तर मेसेजवर लिहून घ्या. आमचे दोन हजार तिथेच गेले.

भाचीचं काय झालं, हे राहिलं. पंधरा दिवसांनी भाईजानने माहितीतल्या एका साध्या हॉटेलात फोन लावला. तिसऱ्या मजल्यावर गच्ची, परमिट रूम नाही, दोन्ही बाजूंना जिने. मेणबत्ती नव्हती, ट्यूबलाइट होती. अम्मींनी दोनदा फालुदा मागवला.