समजून घ्या : कबड्डीतला ‘सर्वोत्तम’ कोण? आधी विचारा, कुठल्या जागेवरचा!

थंडी पडू लागली की दहिसर-बोरिवली पट्ट्यातल्या मैदानांवर दिवे लागतात, मॅट अंथरली जाते आणि मंडळांच्या कबड्डी स्पर्धांचे बॅनर झळकतात. सामने संपले की घरी जाताना एक वाद ठरलेला असतो : प्रो कबड्डीतला आजवरचा सर्वोत्तम खेळाडू कोण? कुणी परदीप नरवाल म्हणतो, कुणी पवन सेहरावत. म्हणजे वाद रंगतो तो दोन चढाईपटूंमध्येच. पकड करणाऱ्याचे नाव निघालेच तर सर्वात शेवटी.

हे न्याय्य आहे का? आकडे नीट पाहिले तर उत्तर ‘नाही’ असे येते. हा प्रश्न केवळ गप्पांचा नाही. लिलावातली बोली आणि मैदानावरच्या मुलाने कुठली जागा निवडायची, हे दोन्ही त्याच्याशी जोडलेले आहे.

आधी जागा समजून घ्या

मॅटवर एका संघाचे सात जण असतात. डावीकडून मोजले तर डावा कोपरा, डावा इन, डावा कव्हर, मध्य, उजवा कव्हर, उजवा इन आणि उजवा कोपरा. इन आणि मध्यावर साधारणपणे चढाईपटू उभे राहतात. बचावाचा खरा भार दोन कोपरारक्षक आणि दोन कव्हर अशा चौघांवर असतो.

कोपरारक्षकाची नजर चढाईपटूच्या पायावर असते. बोनससाठी पाय पुढे आला की घोटा किंवा मांडी धरायची, हे त्याचे काम. कव्हर मात्र अंगाने खेळतो. परतणाऱ्या चढाईपटूला धडक देऊन बाहेर काढायचे, वाट अडवायची, कोपऱ्याने पाय धरला की झेप घेऊन त्याला मध्यरेषेपर्यंत पोहोचू द्यायचे नाही.

३६९ विरुद्ध १००

प्रो कबड्डीच्या एका हंगामात चढाईत सर्वाधिक गुणांचा विक्रम परदीप नरवालचा आहे. २०१७ च्या पाचव्या हंगामात पाटणा पायरेट्सकडून त्याने ३६९ गुण मिळवले. पकडीत एका हंगामात गुणांची शंभरी गाठली ती यूपी योद्धाच्या नितेश कुमारने, सहाव्या हंगामात. ३६९ आणि १०० हे दोन्ही विक्रमच. मग परदीप नितेशपेक्षा साडेतीन पटीने मोठा खेळाडू ठरतो का?

नाही. फरक संधीचा आहे. मुख्य चढाईपटू एका सामन्यात पुन्हा पुन्हा चढाईला जातो. एकाच चढाईत तो दोन-तीन गडी टिपू शकतो, समोर सहा किंवा सात बचावपटू असतील तर बोनसही घेऊ शकतो. पकडीला मात्र एकच गुण मिळतो. मॅटवर तीन किंवा त्याहून कमी बचावपटू असताना केलेल्या ‘सुपर टॅकल’लाच दोन. शिवाय पकडीचा गुण सहसा ती सुरू करणाऱ्याच्या नावावर लागतो, मदतीला धावलेल्याच्या नाही. त्यामुळे एकूण गुणांच्या यादीत चढाईपटू वर, कोपरारक्षक मध्ये आणि कव्हर तळाला जातो. यादी खोटी नसते, पण ती वेगवेगळ्या कामांना एकाच तराजूत तोलते.

मग मोजायचे कसे?

एक साधे गणित करून पाहा. समजा, ‘अ’ या बचावपटूने हंगामात १५० वेळा पकडीचा प्रयत्न केला आणि ६० वेळा यश मिळवले. ‘ब’ने ७५ प्रयत्नांत ४५ वेळा. यादीत ‘अ’ वर दिसेल. पण फसलेली पकड फुकट जात नाही. समोरच्याला गुण मिळतो आणि बचावपटू बाहेर जातो. ‘अ’ ९० वेळा चुकला, म्हणजे त्याचा हिशेब उणे ३०. ‘ब’ ३० वेळा चुकला, त्याचा हिशेब अधिक १५. संघासाठी कोण मोलाचा, हे वेगळे सांगायला नको.

म्हणून जागेनुसार क्रमवारी लावताना तीन गोष्टी पाहायला हव्यात : त्या जागेवरच्या इतरांच्या तुलनेत कामगिरी, किती हंगाम टिकली आणि संघाला विजेतेपदापर्यंत नेले का.

जागेनुसार क्रमवारी

चढाईपटू : पहिला परदीप नरवाल. कारकिर्दीत १८०१ चढाई गुण, पाटण्याच्या सलग तीन विजेतेपदांत मोठा वाटा आणि बचावपटूंच्या हाताखालून निसटणारी ‘डुबकी’. ऑक्टोबर २०१७ मध्ये वरळीत हरियाणा स्टीलर्सविरुद्ध त्याने एका सामन्यात ३४ गुण घेतले होते. दुसरा पवन सेहरावत. २०१९ मध्ये त्याने त्याच हरियाणाविरुद्ध ३९ चढाई गुण मिळवून तो आकडाही मागे टाकला. तिसरा नवीन कुमार, सातव्या आणि आठव्या अशा लागोपाठच्या हंगामांचा सर्वात मौल्यवान खेळाडू.

डावा कोपरा : इथे वाद जवळपास नाहीच. इराणचा फझल अत्राचली पहिला. पकडीचे पाचशेहून अधिक गुण आणि यू मुंबा, पाटणा व दिल्ली अशा तीन वेगवेगळ्या संघांकडून विजेतेपद. दुसरा त्याचाच देशबांधव मोहम्मदरेझा शादलू. दहाव्या हंगामात पुणेरी पलटण आणि अकराव्यात हरियाणा, असे लागोपाठ दोन चषक त्याने वेगळ्या संघांकडून उचलले. तिसरा यू मुंबाच्या सुरुवातीच्या दिवसांतला सुरेंदर नाडा.

उजवा कोपरा : नितेश कुमार पहिला, त्यामागे रविंदर पहल आणि वयाची चाळिशी ओलांडूनही मॅटवर उतरलेला धर्मराज चेरलाथन.

कव्हर : सुरजित सिंग पहिला, मग जीवा कुमार आणि महेंदर सिंग. ही नावे अनेकांना पटकन आठवणार नाहीत. नेमका तोच मुद्दा आहे.

अष्टपैलू : मनजीत छिल्लर पहिला. २०२२ मध्ये फझलने मागे टाकेपर्यंत पकडीच्या गुणांत सर्वात पुढे तोच होता, वर चढाईही करायचा. दुसरा दीपक हुडा, ज्याच्या नावावर चढाईचे हजाराहून अधिक गुण आहेत.

महाराष्ट्र कुठे आहे?

पहिल्या क्रमांकांवर हरियाणा आणि इराणचा दबदबा आहे, हे मान्य करावे लागेल. पण जागेनुसार पाहिले की मराठी नावे दिसू लागतात, जी एकूण गुणांच्या यादीत हरवतात. डाव्या कोपऱ्यात गिरीश इरनाक, कोपऱ्यातून घोटा धरण्यात तरबेज नीलेश शिंदे, उजव्या कोपऱ्यात चिपळूणचा शुभम शिंदे, यू मुंबाच्या पहिल्या संघांत कव्हरवर उभा राहिलेला विशाल माने. चढाईत २०१७ साली जयपूरविरुद्ध एका सामन्यात २८ गुण घेणारा मुंबईचा रिशांक देवाडिगा आणि कोल्हापूर जिल्ह्यातला सिद्धार्थ देसाई. नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार तर पुणेरी पलटणचा कर्णधार म्हणून दहाव्या हंगामाचा चषक घेऊन परतला आणि त्या हंगामाचा सर्वात मौल्यवान खेळाडूही ठरला.

पैशांचे गणित

प्रो कबड्डीच्या लिलावात पहिली एक कोटीची बोली चढाईपटूवर लागली नव्हती. २०१८ मध्ये यू मुंबाने ती लावली फझलवर, म्हणजे कोपरारक्षकावर. पण त्याच लिलावात कोटींचा आकडा गाठणाऱ्या सहा जणांत निव्वळ बचावपटू तो एकटाच होता. २०२३ मध्ये तेलुगू टायटन्सने २ कोटी ६० लाख ५० हजार मोजले ते पवनसाठी.

सिद्धार्थ देसाईचे उदाहरण आणखी बोलके आहे. सहाव्या हंगामात यू मुंबाने त्याला ३६ लाख ४० हजारांत घेतले. त्याने चढाईत दोनशेहून अधिक गुण मिळवले आणि पुढच्याच लिलावात त्याची बोली १ कोटी ४५ लाखांवर गेली. एका चांगल्या हंगामानंतर कव्हरवरच्या खेळाडूची किंमत अशी चौपट होताना क्वचितच दिसते, कारण त्याचे काम गुणफलकावर उमटतच नाही.

बास्केटबॉलचा धडा

जागेची पाटी किती महाग पडू शकते, हे अमेरिकेतल्या एनबीएने पाहिले आहे. तिथे हंगामातल्या सर्वोत्तम पाच जणांचा संघ निवडताना दोन गार्ड, दोन फॉरवर्ड आणि एक सेंटर अशी अट होती. २०२२ मध्ये सर्वात मौल्यवान खेळाडूच्या मतदानात जोएल एम्बीड दुसरा आला, तरी त्याला दुसऱ्या संघात जावे लागले. कारण पहिला आलेला निकोला योकिचही सेंटरच होता. या निवडीवर तिथल्या मोठ्या करारांची पात्रता अवलंबून असते. अखेर २०२३-२४ पासून जागेची अट काढली गेली.

कबड्डीत उलटे आहे. बास्केटबॉलमध्ये उंच सेंटरही आता गार्डसारखा पास देतो, जागांच्या सीमा पुसट झाल्या आहेत. कबड्डीत कोपऱ्याचे काम कव्हर सहजासहजी करू शकत नाही. त्यामुळे तिथे जे नियम अडचणीचे ठरले, त्याच प्रकारचे वर्गीकरण इथे दुर्लक्षित खेळाडूला उजेडात आणू शकते.

दहिसरच्या मैदानावरून पाहताना

मंडळाच्या संघात आलेल्या बहुतेक मुलांना चढाईलाच जायचे असते. मोबाइलवर फिरणाऱ्या क्लिप चढाईच्याच असतात, त्यामुळे ते साहजिक आहे. पण प्रत्येक संघाला दोन कोपरे आणि दोन कव्हर लागतातच, आणि तिथे रांग छोटी असते. मनगटात पकड असलेल्या, धीर धरून योग्य क्षणाची वाट पाहणाऱ्या मुलाला फक्त गुण कमी दिसतात म्हणून चढाईकडे ढकलले, तर एक चांगला कोपरारक्षक हातचा जातो.

पुढचा सामना पाहाल तेव्हा एक करून पाहा. पाच मिनिटे चढाईपटूवरची नजर काढून फक्त कव्हरकडे बघा. त्याच्या नावावर कदाचित एकही गुण लागणार नाही. पण चढाईपटू कुठल्या बाजूला जायला कचरतोय, ते लगेच कळेल.