रंगावर रंग चढवताना: क्रम पाळा, पण कारण समजून

प्लास्टिकचं विमान किंवा रणगाडा किटमधून जोडून रंगवणाऱ्या मुलांना एक सूत्र हमखास ऐकायला मिळतं: लॅकरवर इनॅमल चालतं, इनॅमलवर ॲक्रिलिक चालतं, उलट कधीच नाही. सूत्र सोपं आहे आणि ते पाळल्यानं सहसा नुकसान होत नाही. पण त्यामागचं कारण माहीत नसेल, तर धोका नसतो तिथं आपण अडून बसतो आणि खरा धोका असतो तिथं बेसावध राहतो. नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगरसारख्या तालुक्याच्या गावी हे कारण समजणं आणखी गरजेचं आहे. मॉडेलसाठी खास बनवलेले रंग मागवून घ्यावे लागतात. हाताशी असतो तो हार्डवेअरच्या दुकानातला ऑइल पेंट, ड्युको, थिनर आणि स्टेशनरीच्या दुकानातले ॲक्रिलिक रंग. कोणता रंग कशावर चालेल, हे त्या डब्यांवरून कळत नाही. ते ठरवायचं तर रंग वाळतो कसा, हे आधी पाहायला हवं.

सगळे रंग सारखेच वाळतात, हा पहिला गैरसमज आणि बाकीच्यांचं मूळही तोच. लॅकरमधला, म्हणजे ड्युकोसारख्या रंगातला, द्रावक उडून जातो आणि राळ मागे राहते. तिच्यात रासायनिक बदल काहीच झालेला नसतो, म्हणून थिनर लागताच ती पुन्हा विरघळते. ऑइल पेंट म्हणजेच इनॅमल. त्यातलं टर्पेंटाइन आधी उडतं आणि मग राळ हवेतला ऑक्सिजन घेत हळूहळू बांधली जाते. या कामाला अनेक दिवस लागतात. पाण्यातल्या ॲक्रिलिकमध्ये राळेचे सूक्ष्म कण असतात. पाणी उडालं की ते एकमेकांना चिकटून सलग पापुद्रा बनतो आणि तो पुन्हा पाण्यात विरघळत नाही. कच्ची वीट पाण्यात विरते, भाजलेली विरत नाही. लॅकर आणि पुरतं वाळलेलं इनॅमल यांच्यात तसाच फरक आहे. म्हणून वरचा हात देण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: वरच्या रंगातला द्रावक खालच्या थराला, तो आज ज्या अवस्थेत आहे त्या अवस्थेत, मऊ करू शकतो का?

दुसरा गैरसमज असा की बाटलीवर ॲक्रिलिक लिहिलं म्हणजे रंग पाण्यातला. ॲक्रिलिक हे राळेचं नाव आहे, द्रावकाचं नव्हे. जपानच्या मिस्टर कलर रंगांची राळ ॲक्रिलिकच आहे, पण ते लॅकर थिनरनंच पातळ होतात. तामिया कंपनीच्या ॲक्रिलिकमध्ये अल्कोहोलसारखे द्रावक असतात. तो रंग पाण्यात मिसळतो आणि लॅकर थिनरमध्येही. एक्सएफ-1 या एकाच क्रमांकाचा काळा रंग ही कंपनी ॲक्रिलिकमध्ये विकते आणि इनॅमलमध्येही. त्यामुळे नाव किंवा क्रमांक पाहून क्रम ठरवणाऱ्याची फसगत होते. तो रंग कोणत्या थिनरनं पातळ होतो, हे पाहणाऱ्याची होत नाही.

ॲक्रिलिकवर इनॅमल कधीच नाही, हा तिसरा गैरसमज. रणगाड्याच्या सांध्यांत मळ आणि गंज दाखवण्यासाठी मॉडेल बनवणारे ॲक्रिलिकच्या थरावर सर्रास इनॅमलचा पातळ वॉश देतात आणि जास्तीचा टर्पेंटाइननं पुसून घेतात. हे जमतं, कारण टर्पेंटाइन पूर्ण वाळलेल्या ॲक्रिलिकला सहसा धक्का लावत नाही. इनॅमलवर लॅकर मात्र खरोखर धोक्याचं. लॅकरमधला जोरकस द्रावक अर्धवट बांधलेल्या इनॅमलमध्ये शिरतो, थर फुगतो आणि सुरकुत्या पडतात.

चौथा गैरसमज बोटाशी निगडित आहे: बोटाला रंग लागला नाही म्हणजे तो वाळला. उन्हाळ्यात नांदेड जिल्ह्यात पारा चाळिशीपार गेला की इनॅमलची वरची साय लवकर धरते, पण आतला थर ओलसर राहू शकतो. पावसाळ्यात लॅकर मारलं तर वेगानं उडणाऱ्या द्रावकामुळे पृष्ठभाग थंड होतो, हवेतली वाफ त्यावर धरते आणि रंग पांढुरका दिसतो. दोन्ही वेळा दोष रंगांच्या जोडीला दिला जातो. कारण असतं हवामान आणि घाई. शिवाय वरचा थर ताठ आणि खालचा नाजूक असेल, तर द्रावकानं काही बिघडलं नाही तरी पुढे तडे जाऊ शकतात. याचा मोठा पुरावा मराठवाड्यातच आहे. अजिंठ्याची लेणी निजामाच्या काळी हिमायतनगरप्रमाणेच हैदराबाद संस्थानात होती. 1920 ते 1922 या काळात निजाम सरकारनं बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी तिथल्या चित्रांवर लाखेचं वार्निश चढवलं. हेतू रक्षणाचा होता, पण काळाच्या ओघात ते पिवळं पडलं, त्याला तडे गेले आणि पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाला ते उतरवण्याचं जिकिरीचं काम करावं लागलं. थर चढवताना तो बसला, एवढ्यानं निर्णय बरोबर ठरत नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे: थिनर किटचं प्लास्टिक, म्हणजे पॉलिस्टायरिन, विरघळवतं, तरी लोक त्यावर थेट लॅकर फवारतात आणि ते छान बसतं, ते कसं? उत्तर मात्रेत आहे. बारीक फवाऱ्यातला द्रावक बराचसा वाटेतच उडतो. उरलेला पृष्ठभागाला किंचित चावतो आणि त्यानं पकड वाढते. तेच थिनर ब्रशनं सढळ लावलं तर बारीक नक्षी वितळते. दुसरा आक्षेप असा की नवशिक्याला रसायनशास्त्र कशाला, नियम पुरे. नियम जरूर ठेवावा, पण त्याला चाचणीची जोड द्यावी. भाग तोडून घेतल्यावर किटची जी चौकट उरते, ती साबणाच्या पाण्यानं धुवून तिच्यावर तेच थर त्याच क्रमानं द्यावेत. खालचा हात काही दिवस वाळू द्यावा, रंगाचा वास पुरता गेला का ते पाहावं, मग वरच्या रंगाच्या थिनरमध्ये बुडवलेला कापूस हलकेच फिरवावा. कापसाला रंग आला किंवा थर चिकट झाला, तर ती जोडी टाळावी किंवा आणखी थांबावं. काम उघड्या खिडकीशी आणि आगीपासून दूर करावं. वाया जाणाऱ्या चौकटीवर ही चाचणी होते आणि हाताशी असलेल्या डब्यांबद्दल ती जेवढं खात्रीनं सांगते, तेवढं कुठलंही पाठ केलेलं सूत्र सांगू शकत नाही.