नव्या स्पीकरास साजेसा अॅम्प्लिफायर
अॅम्प्लिफायर घेतांना पुष्कळ गृहस्थ त्याचे वॅट तेवढे पाहतात. वस्तुतः पहिला प्रश्न स्पीकरासच विचारावा. एका वॅटला, एक मीटर अंतरावर, तो किती डेसिबल ध्वनि देतो? ८४ डेसिबलच्या स्पीकरास ९० च्या बरोबरीनें बोलतें करावयाचें तर शक्ति चौपट लागते. उलट, शंभराऐवजीं दोनशें वॅट घेतले तरी लाभ अवघा ३ डेसिबलांचा. पैसे मात्र सढळ हातानें मोजावे लागतात! स्पीकर ८ ऐवजीं ४ ओहमांचा असल्यास तेवढ्याच विद्युद्दाबास प्रवाह दुप्पट लागतो, हेंही ध्यानांत असावें. मोठ्या यंत्रानें स्पीकर जळेल या भयानें कित्येक जण लहान यंत्र पसंत करतात. परंतु अशा यंत्राकडून बळेंच मोठा आवाज काढूं गेल्यास ध्वनितरंगांचे माथे छाटले जातात, आणि त्यांतून उपजलेल्या उच्च कंपनांनीं नाजूक ट्वीटरच आधीं जळतो.